क्रमपाळी आधी, संगणक नंतर

मालवाहतुकीचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर कुठे जन्मलं, या प्रश्नाला आज एक ठरीव उत्तर मिळतं. 1980 साली अमेरिकेत 'मोटर कॅरियर ॲक्ट' झाला. ट्रकवाहतुकीवरची सरकारी दरबंधनं सैल झाली आणि माल पाठवणाऱ्याला वाहतूकदाराशी भाव ठरवता येऊ लागला. शेकडो वाहतूकदार, हजारो दर आणि रोजची बिलं यांचा हिशेब हाताने होईना, तेव्हा तो संगणकावर आला. मग मॅन्युजिस्टिक्स, आय-टू, जी-लॉग अशा कंपन्या पुढे आल्या. 2005 मध्ये ऑरॅकलने जी-लॉग विकत घेतली आणि हे तंत्र जगभर पसरलं. आपल्याकडे ते सर्वांत शेवटी पोहोचलं, तोवर इथला कारभार अंदाजपंचे चालला होता, असा या कथेचा शेवट असतो.

कथेतली सनावळी खरी आहे. 1980 च्या कायद्याने या सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळवून दिलं, हेही निर्विवाद. आय-टूचे एक संस्थापक संजीव सिद्धू भारतीय होते, याचा अभिमान वाटावा हेही रास्त. परंतु एखाद्या वस्तूला बाजार मिळाला तो दिवस तिच्या जन्माचा धरणं ही इतिहासातली चूक आहे. आणि ज्याला अंदाजपंचे कारभार म्हटलं जातं, त्याचा पुरावा कोल्हापूर जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीत शोधला तर वेगळंच काही हाती लागतं.

आधी जन्माचा प्रश्न. रेल्वेने सिमेंट, मीठ असा माल कुठून कुठे न्यावा म्हणजे अंतर कमीत कमी पडेल, याचा गणिती विचार सोव्हिएत रशियात टॉलस्टॉय नावाच्या अभ्यासकाने 1930 मध्येच मांडला होता. कादंबरीकार टॉलस्टॉयशी त्यांचा संबंध नाही. लेनिनग्राडला लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे प्लायवूड कारखान्याची अडचण आली आणि तिच्यातून 1939 मध्ये मर्यादित साधनांच्या वाटपाचं गणित उभं राहिलं. 1941 मध्ये अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी अनेक ठिकाणचा माल अनेक गावांना वाटण्याचा प्रश्न सोडवला. दुसऱ्या महायुद्धात त्यालिंग कूपमन्स वॉशिंग्टनमध्ये जहाजांच्या फेऱ्यांचा हिशेब करत होते. रिकामं जहाज कोणत्या बंदराकडे वळवायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कांतोरोविच आणि कूपमन्स यांना 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. 1959 मध्ये जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर यांनी पेट्रोल पोहोचवणाऱ्या ट्रकांच्या फेऱ्यांवर निबंध लिहिला. आजची मार्ग आखणारी प्रत्येक प्रणाली त्या निबंधाची वंशज आहे.

1964 मधलं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. क्लार्क आणि राइट यांनी फेऱ्या एकत्र जोडून किती अंतर वाचतं ते मोजण्याची रीत दिली. अधिक बचत देणारी जोडी आधी जोडायची, मग त्याहून कमी देणारी. रीत इतकी सोपी की पुढची अनेक वर्षं ती कारखान्यांनी आणि कंपन्यांनी वापरली. यातले क्लार्क मँचेस्टरच्या को-ऑपरेटिव्ह होलसेल सोसायटीत कामाला होते, म्हणजे सहकारी संस्थेत. या विद्येच्या मुळाशी एक सहकारी संस्था आहे, हे सहकाराच्या कोल्हापूर जिल्ह्यात तरी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता आपल्याकडे काही नव्हतं, या दुसऱ्या विधानाकडे येतो. शिरोळ तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी, पलीकडे कुरुंदवाड, जवळच शिरोळचा दत्त साखर कारखाना. उसाच्या हंगामात इथल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या, अंगद गाड्या आणि बैलगाड्या धावतात. रोज 5,000 टन गाळणारा कोणताही कारखाना घ्या. एका खेपेला सरासरी 20 टन धरले तरी दिवसाला 250 खेपा, म्हणजे तासाला दहाहून अधिक वाहनं काट्यावर लागली पाहिजेत. ऊस यंत्राकडे नेणारी गव्हाण रिकामी पडली तर कारखाना थांबतो. वाहनं जास्त झाली तर ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळावा हा सर्वमान्य नियम. आणि हा सारा माल लहान लहान तुकड्यांच्या हजारो शेतकऱ्यांकडून येतो.

हे अंदाजाने चालेल का? चालत नव्हतंच. महाराष्ट्रात प्रवरेच्या सहकारी कारखान्याने 1950 मध्ये गाळप सुरू केलं, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या शेती विभागांनी कागदावर एक शिस्त बसवली. शेतकरी लागणीची नोंद देतो: गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, तारीख, आणि लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. या नोंदींवरून तोडणीची क्रमपाळी निघते. को 86032 ही जात बारा-चौदा महिन्यांत पक्व होते, आडसाली पीक सोळा-अठरा महिने रानात राहतं. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, पण जात आणि पक्वता पाहून. मग गट ऑफिसातून तोडचिठ्ठी निघते, चिटबॉय ती तोडणी टोळीच्या मुकादमाकडे देतो, भरलेलं वाहन काट्यावर येतं, वजनाची पावती होते, आणि तीच पावती ऊसबिलाचा आधार ठरते. मागणी, क्षमता, क्रम, वाहन, वजन, देयक: आजच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर जे रकाने दिसतात ते सारे या चिठ्ठ्यांत आधीच आहेत.

त्या प्रणाली आणि या चिठ्ठ्या यांत एक मोठा फरकही आहे आणि तो पाठ्यपुस्तकांतून हरवतो. क्लार्क-राइट यांची रीत एका फेरीत अनेक थांबे घेणाऱ्या गाडीसाठी आहे. उसाची ट्रॉली बहुधा एकाच फडात भरते आणि थेट कारखान्यावर जाते. इथे मार्गाचा प्रश्न गौण, पाळीचा प्रश्न मुख्य. शिवाय अमेरिकेच्या कथेत माल पाठवणारा आणि वाहतूकदार असे दोनच पक्ष आहेत. आपल्याकडे माल शेतकऱ्याचा, वाहन ठरवतो कारखाना, टोळी आणतो मुकादम, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो शेतकऱ्याच्याच रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून. जो भाडं भरतो त्याला वाहन निवडण्याचा अधिकार नाही. त्याच्या हातात एकच हक्क उरतो: आपली पाळी कधी, हे कळण्याचा.

या हक्काची कसोटी याच जिल्ह्यात लागली. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहाने, केंद्र आणि राज्य सरकारच्या साहाय्याने, 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प राबवला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा परिसरातल्या सुमारे 70 गावांना संगणक केंद्रांचा लाभ मिळाला. इंटरनेट, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य अशा अनेक सोयी मनात होत्या. लोकांनी प्रत्यक्षात वापरली ती उसाची सोय: लागणीची नोंद, तोडणीचा परवाना, वजन आणि हिशेब. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी हा वापर बारकाईने पाहिला आणि 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांत, आठ महिने, संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. संगणकावर होणारं सारं काम त्या संदेशांनी केलं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तेच अधिक पसंत पडलं. 2007 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या प्रयोगाचा अर्थ मी असा लावतो. मौल्यवान वस्तू होती ती क्रमाची आणि वजनाची नोंद. ती यंत्राच्या आधीपासून होती. संगणकाने ती गावात आणली, मोबाईलने ती खिशात आणली. यंत्र बदललं, नोंद तीच राहिली.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की चिठ्ठीच्या या कारभारात वशिला होता, नाव मागे-पुढे होत होतं, मग त्याचा गौरव कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. टोळीला द्यावी लागणारी 'खुशाली', वाहनचालकाची 'एंट्री', काट्याविषयीचा संशय, यांवर ऊस परिषदांतून वर्षानुवर्षं बोललं गेलं आहे. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूने येतो. खुशाली मागितली जाते ती पाळी कुठे आहे हे शेतकऱ्याला दिसत नाही म्हणून, आणि रानातला ऊस वाळत असताना वाट पाहणं त्याला परवडत नाही म्हणून. गट ऑफिसातला क्रम संगणकात घातला पण शेतकऱ्यापासून झाकलेलाच ठेवला, तर गैरव्यवहार तिथेच राहतो.

महापुराने हे अधिक उघड केलं. 2005, 2019 आणि 2021 मध्ये संगमाचं पाणी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरापुरतं थांबलं नाही. शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. पाण्यात राहिलेल्या उसाचे शेंडे कुजतात, डोळे फुटतात, वजन आणि उतारा घटतो. अशा वेळी लागणीच्या तारखेवर बेतलेली क्रमपाळी कोलमडते, आणि पूरबुडित ऊस आधी तोडा ही मागणी होते. कोणाचा ऊस किती दिवस पाण्यात होता, रस्ता कुठे खचला, कोणत्या फडात ट्रॉली शिरेल, हे ठरवायला गावचा चिटबॉय आणि शेती विभागातला माणूसच लागतो. ही माहिती त्यांनी भरली तरच प्रणालीला नवा क्रम लावता येतो.

म्हणून या क्षेत्राच्या जनकांची यादी मला दुरुस्त करून हवी आहे. तिच्यात कांतोरोविच, कूपमन्स, डँटझिग, रॅमसर, क्लार्क आणि राइट आधी यावेत, कंपन्यांचे संस्थापक त्यांच्यानंतर. आणि महाराष्ट्रात हा विषय शिकवताना सहकारी कारखान्यांच्या शेती विभागांचं काम पहिल्या धड्यात असावं, कारण त्यांनी अमेरिकेतल्या कायद्याची वाट न पाहता हजारो शेतकऱ्यांचा माल नोंदीने आणि क्रमाने हलवून दाखवला.

कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती एवढीच आहे. नवी प्रणाली घ्या, जरूर घ्या. पण हंगाम सुरू होण्यापूर्वी गावनिहाय क्रमपाळीची पूर्ण यादी, लागणीच्या तारखांसह, प्रत्येक गट ऑफिसाच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येक सभासदाच्या मोबाईलवर पाठवा. क्रम बदलला तर कारणासह बदललेली यादीही त्याच दिवशी द्या. आणि सभासदांनो, येत्या वार्षिक सभेत हा ठराव तुम्ही स्वतः मांडा.