अपूर्णांकांचे पाढे

जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकीत. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. त्यामुळें अपूर्णांकांच्या गुणाकाराची कसोटी बाजारांत रोज लागे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि ती घोकंपट्टी मागें पडली.

परंतु भागाकाराचें मर्म तींत नव्हतेंच. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावतींत रीत दिली: भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणावें. कां? एका भाकरींत पाव-तुकडे चार. म्हणून अर्धीत चारांचे निम्मे, दोन.

राळेगणसिद्धीची शाळा नापास मुलांना आवर्जून प्रवेश देण्याबद्दल प्रसिद्धीस आली. अशा मुलाकडून नियम पुन्हा घोकवून घेण्यापूर्वीं त्याच्यापुढें एक भाकरी मोडावी. नापास मुलगा झाला कीं आपली रीत, तें तेव्हां उमगेल.