परत येणारी दस्ती

आमच्या भालकीच्या घरात एक दस्ती आहे. आमच्या भागात रुमालाला दस्तीच म्हणतात. हातभर लांब, हातभर रुंद मांजरपाट, कडेला क्रोशाची जाळी. तीन कोपऱ्यांना निळे काचमणी, चौथ्याला हिरवे. मणी नुसते शोभेचे नाहीत. वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून ते वजन. आजीनं विणलेल्या या दस्तीखाली झाकून उदगीरला आत्याच्या सासरी शिदोरी जायची.

करंज्या-लाडू तिकडं राहायचे. दुरडी आणि दस्ती परत यायची, आणि दुरडीत मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा असायचाच. रिकामी आली असती तर लेकीचं काही बिनसलं म्हणून आजीनं रात्र जागून काढली असती.

जपानच्या फुकुसाबद्दल वाचलं तेव्हा मला हीच दस्ती दिसली. एदो काळात (१६०३ ते १८६८) लाखेच्या तबकातल्या भेटीवर तिथं नक्षीदार रेशमी चौकोन पांघरत. हात लागून कापड मळू नये म्हणून कोपऱ्यांना गोंडे. घेणारा भेट ठेवून घेई, नक्षी मन लावून पाही आणि कापड तबकासह परत करी. चहाच्या विधीतला फुकुसा मात्र लहान आणि साधा. त्यानं चहाची डबी आणि चमचा पुसतात.

आपल्या दख्खनेत हे झाकणं दरबारातही होतं. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या राज्यात कलमकारीचे चौकोनी रुमाल रंगत: इराणी थाटाची माणसं, शिकार, वेलबुट्टी. नजराण्याच्या तबकांवर ते पांघरत. त्यांतले काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. पुढं निजामाला नजर करायची तीही ओंजळीवर रुमाल पसरून, त्यावर मोहर ठेवून. आणि मला सगळ्यात हरखवणारी गोष्ट ही, की गोवळकोंड्याच्याच कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगीत सुती कापडं डच जहाजांतून नागासाकीला जात. जपानी त्यांना सारासा म्हणत, आणि चहाचे जाणकार त्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून त्यांत चहाची मौल्यवान भांडी जपत.

आहेराच्या याद्यांत लुगडी, भांडी, सोनं सगळं लिहितात, झाकणाचं कापड कुणी लिहीत नाही. याची मला फार हळहळ वाटते. ताट कुठल्या घरचं, तिथल्या बाईचा हात कसा, हे पाहणाऱ्याला त्या कापडावरूनच आधी कळायचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचा बीदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात. शिदोरी मात्र परळीकडच्या त्याच गाडीनं जात राहिली. आजी म्हणायची, "मी लेक उदगीरला दिली, परराज्यात नव्हे."

आत्या गेल्यावर आतेभाऊ दस्ती घेऊन आला. धुऊन, घडी घालून. एका कोपऱ्याचे मणी कधीतरी तुटले असावेत. तिथं आत्यानं उदगीरच्या बाजारातले हिरवे ओवले होते. घडी उलगडली तर आत मूठभर तांदूळ.