शब्द मिळाला होता, कागद नव्हता

पोस्ट लांब आहे. ज्यांची जमीन शक्तिपीठ महामार्गाच्या रेषेत येते त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांची येत नाही त्यांनी तर नक्कीच वाचा, कारण शेवटचा भाग त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी आहे.

१ जुलैला, कृषी दिनी, शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर रास्ता रोको झाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "आंदोलनं करून कधी रस्ता थांबलाय काय? शेवटी होतोयच की. मग उगाच लोकांना उन्हात कशाला बसवायचं?"

तिथं मी काही बोललो नाही. प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी धरण बांधत होती, त्यातून तयार होणारी वीज मुंबईला जाणार होती. बुडणार होती पन्नासच्या आसपास गावं आणि मावळातली भाताची खाचरं. शेतकऱ्यांना नीट विचारणं सोडा, आधी कळवलंही नव्हतं. जमिनीत चर खणायला माणसं आली तेव्हा त्यांना समजलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. सेनापती बापटांनी नेतृत्व केलं, तुरुंग भोगला. बायामाणसं बांधकामाच्या जागेवर जाऊन बसली. तरीही धरण झालं. १९२७ पासून त्या पाण्यावर भिरा इथं वीज तयार होते आहे.

मुळशी का हरलं? सरकार परक्यांचं होतं, १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या बाजूचा होता, हे झालंच. पण आपल्या कामाचं कारण दुसरं आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींचे कागद पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या हातात होते. कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा. सावकाराला मोबदला हवा होता, शेतकऱ्याला जमीन. कंपनी मोबदल्याला तयार झाली आणि आंदोलन मधोमध चिरलं. ज्याचं घर बुडणार होतं तो एकटा पडला.

आता दुसरी गोष्ट, कचऱ्याची. रस्त्याच्या विषयात कचरा कुठून आला म्हणाल. थोडं थांबा.

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोवर जायचा. शहर वाढत कोथरूडपर्यंत आलं, तिथं सोसायट्या झाल्या, लोक बोलायला लागले. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचरा उचलून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत नेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा वनाज डेपो आहे. उरुळीत मात्र कचऱ्याचा डोंगर झाला. जागा वाढत वाढत १६३ एकरांपर्यंत गेली. विहिरींचं पाणी गेलं. ज्या गावात बारा महिने विहिरीवर शेती व्हायची तिथं पिण्याचं पाणी टँकरनं यायला लागलं. माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढायच्या आधी याच भागातून जाते. वारकरी दिवसभरात पुढं निघून जातात, गावाला तो वास बारा महिने असतो.

गावकरी गप्प नव्हते. त्यांनी कितीदा गाड्या अडवल्या ते मोजायला बसलं तर पोस्ट संपायची नाही. प्रत्येक वेळी बैठक व्हायची आणि शब्द मिळायचा. उघड्यावर टाकणं बंद करू, प्रकल्प उभा करू, बाधितांच्या मुलांना नोकऱ्या देऊ, अमुक महिन्यांत डेपो हलवू. शब्दावर गाड्या सुटायच्या. घनकचऱ्याच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत प्रक्रिया प्रकल्पांसाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत छापलेली होती. ती आली आणि गेली.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली. धूर गावात शिरला. गावकऱ्यांनी जवळपास तीन आठवडे एकही गाडी आत सोडली नाही. पुण्याच्या चौकाचौकात ढीग लागले तेव्हा कुठं शहराला उरुळी आठवली. विषय मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला, बैठक झाली, पुन्हा शब्द मिळाला, गाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली. पुढं पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करायचं ठरलं. गावांच्या पाट्या बदलल्या, इतक्या वर्षांचा साठलेला कचरा काही पाटीसोबत हलत नाही.

याच्या शेजारी नारेगाव ठेवून बघा. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, कचरा तीन दशकांहून जास्त काळ नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावांनी तो अडवला. रस्त्यावर बसले आणि प्रकरण कोर्टातही लढले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. हा शब्द नव्हता, आदेश होता. तो मोडायचा तर कुणाला तरी कोर्टात उभं राहावं लागलं असतं. नारेगाव सुटलं.

पण पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. नारेगाव बंद झाल्यावर महापालिकेनं गाड्या दुसरीकडं वळवल्या. ७ मार्चला मिटमिट्यात लोकांनी त्या अडवल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोलीस घरात घुसून मारतात अशी दृश्यं सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. एका गावाच्या दारातला कचरा दुसऱ्या गावाच्या दारात नेणं हाच उपाय समजला तर दुसरं काय होणार?

आता रस्त्याकडं येऊ. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा. आज त्यावरून गाडी हाणताना शिवडे हे नाव किती जणांना आठवतं? सिन्नर तालुक्यातलं गाव. २०१७ मध्ये मोजणीची माणसं येणार म्हटल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी सरण रचून ठेवली होती, झाडांना फास बांधले होते. इतका टोकाचा विरोध होता. सुरुवातीला सरकारची योजना होती जमीन एकत्रीकरणाची: जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंड घ्या. लोक तयार झाले नाहीत म्हणून सरकारनं थेट खरेदी आणली, पाचपट दरानं. मग एकेक शेतकरी स्वतंत्रपणे सही करायला लागला. कुणाला कर्ज होतं, कुणाकडं मुलीचं लग्न होतं, कुणाच्या भावाभावांत वाटणीचं भांडण होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण एक लक्षात घ्या: पाचपट दर आला तो विरोध झाला म्हणून. "आंदोलन करून काय मिळतं" असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर. रस्ता थांबला नाही, पण किंमत वाढली ती न भांडणाऱ्यालाही मिळाली.

आणि आता आपलं. पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या आखणीत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. २०२४ च्या मार्चमध्ये अधिसूचना निघाली, गट नंबर छापून आले, तेव्हा लोकांना कळलं. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर ही देवीची ठिकाणं जोडायची म्हणून नाव शक्तिपीठ. देवीचं नाव दिलं की विरोध करणारा देवाच्या विरोधात ठरतो, असा कुणाचा हिशेब असेल तर तो चुकला. मोर्चात बायका देवीचं नाव घेऊनच येत होत्या. नागपूर ते रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग जवळजवळ याच दिशेनं असताना दुसरा कशाला, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय पुराचा प्रश्न. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं होतं, वाहतूक बंद होती. परवाचा रास्ता रोको झाला तीच ही जागा. इथं आणखी एक भराव आडवा पडला तर पाणी कुठं जाणार, हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, पूर बघितलेला असावा लागतो.

लोकसभेला विरोध दिसला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली. फटाके वाजले. मीही बातमी आनंदानंच केली. पण रद्द झाली होती जिल्ह्यापुरती अधिसूचना, प्रकल्प नव्हे. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. आपल्या जिल्ह्यात रेषा कुठून जाणार हे नंतर ठरवू, असं तेव्हा म्हणाले. 'नंतर' हाही एक शब्दच आहे.

तर चहाच्या गाड्यावरच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आंदोलनानं रस्ता थांबतो की नाही हे बऱ्याचदा आंदोलन कधी झालं आणि हातात काय घेऊन उठलं यावर ठरतं. मुळशीत चर खणल्यावर लोक जागे झाले. उरुळीत डेपो सुरू होऊन डोंगर झाल्यावर लढाई पेटली आणि प्रत्येक वेळी शब्दावर सुटली. शिवड्यात एकी होती तोवर मोजणी अडली, दर वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा पोचला आणि एकी गेली. नारेगावात मात्र कागद मिळाला, तो टिकला.

आपल्याकडं मोजणी झालेली नाही. म्हणजे आपण अजून त्या टप्प्यावर आहोत जिथं काही करता येतं. त्यात एक पेच समजून घ्या. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, खासगी आणि भागीदारीच्या प्रकल्पांना शेतकऱ्यांच्या संमतीची अट आहे. पण इथं संपादन होतं महाराष्ट्र महामार्ग कायदा, १९५५ खाली, आणि त्या वाटेनं जमीन घेताना या अटी लागत नाहीत. म्हणून तुमची लेखी हरकत हीच तुमची संमती किंवा असंमती समजा. अधिसूचना आली की मुदतीत हरकत द्या, प्रत्येक गटाची वेगळी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. ग्रामसभेचा ठराव करा, इतिवृत्तात लिहून घ्या, नक्कल जवळ ठेवा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आत्ताच करा, मुळशीत कागद दुसऱ्याच्या नावावर असण्यानंच घात केला होता. आणि जो नेता व्यासपीठावर शब्द देतो त्याला तिथंच सांगा, साहेब, हेच लिहून द्या.

आता शेवटचं, कचरा मध्येच का आणला ते. आपल्या गावाचा, नगरपरिषदेच्या हद्दीतला कचरा रोज सकाळी घंटागाडीनं जातो. कुठं जातो? शेजारच्या वाडीच्या गायरानाला लागून. पावसाळ्यात त्याचं काळं पाणी ओढ्याला येतं. त्या वाडीतली माणसं गेली सात-आठ वर्षं अर्ज देतायत. मी त्याच्या तीन बातम्या केल्या, तिन्ही आतल्या पानावर दोन-दोन कॉलम. नंतर मीही विसरलो. घरी ओला-सुका वेगळा करायचा नियम २०१६ पासून आहे. खरं सांगतो, माझ्या घरात तो नीट पाळायला लागून वर्षही झालेलं नाही.

मुंबईला वीज हवी होती म्हणून मुळशी, पुण्याला सोसायट्या हव्या होत्या म्हणून उरुळी. नकाशावर जिथं घरं विरळ दिसतात तिथं रेघ मारली जाते. आपल्यावर रेघ मारली तर आपण रस्त्यावर उतरतो, आणि आपणही वाडीवर रेघ मारूनच बसलोय. १ जुलैला पुलावर त्या वाडीतली काही माणसं होती, मी स्वतः बघितली. ती आपल्या जमिनीसाठी आली होती. त्यांच्या ओढ्यासाठी आपल्यातलं कोण गेलं?

पुढच्या आठवड्यात वाडीची ग्रामसभा आहे. मी जाणार आहे, बातमीसाठी नाही, तिथल्या ठरावाखाली साक्षीदार म्हणून सही करता आली तर करायला. ज्यांना यायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये कळवा, गाड्या एकत्र काढू.

पोस्ट पटली तर शेअर करा. तपशिलात चूक असेल तर सांगा, दुरुस्त करतो.