थेरपिस्ट निवडताना काय तपासाल?

इन्स्टाग्रामवर स्वतःला 'थेरपिस्ट' म्हणवणारे बरेच दिसतात. पण फॉलोअर्स म्हणजे पात्रता नव्हे. फी भरण्याआधी समोरची व्यक्ती नेमकी कोण आहे, ते तपासा.

कोण काय करतं?

• मानसोपचारतज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट): एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं लिहून देऊ शकतात.

• क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसिक चाचण्या आणि थेरपी करतात, औषधं देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

• समुपदेशक (काउन्सेलर): ताण, नातेसंबंध, करिअर अशा प्रश्नांवर बोलून मदत करतात. मानसशास्त्रात एमए आहे का, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे विचारा. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स पुरेसा नाही.

पहिल्याच भेटीत काय विचाराल?

फी किती, सेशन किती वेळाचं, मराठीत बोलता येईल का? माझं बोलणं गुप्त राहील का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र अपवाद होऊ शकतो.

कधी बदलाल?

'लग्न कर, सगळं ठीक होईल' असे सल्ले, बरं होण्याची हमी किंवा इतर क्लायंटचे किस्से ऐकू आले, तर थांबा. काही सेशननंतरही मोकळं बोलता येत नसेल, तर थेरपिस्ट बदलण्यात गैर काहीच नाही.

जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र ही शोधाशोध बाजूला ठेवा आणि सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, 24 तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.