खोली खाली करा : एका कागदाचा इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, चळवळीवर, थोर पुरुषांवर लेख येतातच, आणि यायलाच पाहिजेत. आम्ही मात्र यंदा एका कागदाबद्दल लिहायचे ठरवले. हा कागद आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत कधी ना कधी येऊन गेलेला आहे. घेतला नाही तर दारावर चिकटवून जातात. त्यात लिहिलेले असते की, सदर जागा अमुक दिवसांत रिकामी करून ताबा द्यावा. शेजारपाजारचे लोक एवढेच म्हणतात, "त्यांना खोली खाली करायची नोटीस आली."

मुदखेड म्हणजे जंक्शनचे गाव. एक रूळ निजामाबाद-सिकंदराबादकडे जातो, दुसरा आदिलाबादकडे. आपल्या समाजातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला पक्के घर मिळाले ते बहुधा नोकरीबरोबर. रेल्वे, पोस्ट, पोलीस, दवाखाना, ज्या खात्यात नोकरी त्या खात्याचे क्वार्टर. भाडे पगारातून कापून जाई आणि ते बाजारभावापेक्षा कितीतरी कमी असे. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या घरातून आलेल्या माणसाला नळ, वीज आणि सिमेंटची फरशी एकदमच मिळाली. शिवाय क्वार्टर देताना कुणी "आडनाव काय, जात कोणती" असे विचारून दार लावून घेत नव्हते. गावात खोली शोधणाऱ्याला तो प्रश्न हमखास ऐकावा लागे. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत घरे जळाल्यावर जे लोक खेडी सोडून शहरात आले, त्यांना तर तो दारोदार ऐकावा लागला. म्हणून क्वार्टर हे आम्हाला नुसते स्वस्त घर वाटत नव्हते.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि जळजळीत पुरावा बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत उतरले. रोजचे भाडे दीड रुपया. तिकडे सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, पण तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे नुसता फिरत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळच्या आत चालते व्हा म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळले. शेवटी कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांच्याकडे थकबाकी नव्हती की काही मोडतोड झाली नव्हती. लेखी नोटीसही नव्हती. ती असती तर कारण लिहावे लागले असते, आणि त्यावर उत्तर देता आले असते.

त्याच बाबासाहेबांचा पुढचा बराच काळ मुंबईत परळला, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीतल्या खोल्यांत गेला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबई सरकारने जो सुधारणा ट्रस्ट काढला, त्याच्या या चाळी. पुढे १९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या काळात बी. डी. डी. चाळी उठल्या. वरळी १२१, नायगाव ४२, डिलाईल रोड ३२, शिवडी १२, अशा एकंदर २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. पैसा कुठून आणला, तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून. म्हणजे त्या भिंतींत थोडा आपल्या काळ्या मातीचा कापूसही आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो. ६ डिसेंबरला देवगिरीने किंवा नंदिग्रामने दादरला गेलेल्यांपैकी काहींनी नायगावच्या त्या चाळी पाहिल्याही असतील.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. या चाळींचा मालक सरकार. मुंबईत १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला, आपल्या मराठवाड्यातल्या शहरांत १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागू झाला. या कायद्यांनी खासगी मालकाचे हात बांधले. भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला किंवा मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे, असे काहीतरी सिद्ध केल्याशिवाय त्याला भाडेकरू काढता येईना. सरकारी जागा मात्र मुंबईच्या १९४७ च्या आणि आताच्या १९९९ च्या, दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिल्या. राज्य सरकारच्या जागांसाठी १९५५ चा वेगळा निष्कासन कायदा, केंद्राच्या आणि रेल्वेच्या जागांसाठी १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा. १९९० साली तर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, सार्वजनिक जागांच्या बाबतीत भाडे नियंत्रणापेक्षा हा १९७१ चा कायदाच वरचढ.

याचा साधा अर्थ असा की, क्वार्टरमध्ये राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू नसतोच. पगारातून कापतात ते भाडे नव्हे, परवाना शुल्क. नोकरी आहे तोवर परवाना. रेल्वेत निवृत्तीनंतर चार महिने नेहमीच्या दराने राहता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण असले तर आणखी चार महिने दुप्पट दराने. त्यानंतर नुकसानभरपाईचा दर सुरू होतो, आणि जागा सोडेपर्यंत ग्रॅच्युइटी अडकून राहते. तीस वर्षे राहिलो, दारापुढे लिंब लावला, पोरीचे लग्न याच अंगणात झाले, हे तिथे कामी येत नाही.

आमच्यापैकी एकाच्या घरी हे घडले. कोणते खाते ते लिहीत नाही. वडील निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत वारले. नोटीस आली ती आईने घेतली. तिला वाचता येत नव्हते. सरकारी कागद म्हणजे जपून ठेवायचा, म्हणून तिने तो बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला. थोरला पोरगा पुण्याहून आला तोवर उत्तराची मुदत गेली होती. १९७१ च्या कायद्यात इस्टेट ऑफिसरने अगोदर कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते, आणि त्याच्या हुकमावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. हे सगळे त्या माउलीच्या हक्काचे होते. ते तिला कुणी सांगितले नाही, आम्हीही नाही. विहार तर तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता. सामान बैलगाडीत भरले तेव्हा लिंबाखाली आम्ही सगळे उभे होतो, हात बांधून. ही गोष्ट आमच्यातल्या पुष्कळांना अजून खाते.

सरकारी बंगला कसा सोडावा, हेही बाबासाहेबांनी दाखवले. १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते सरकारी निवासस्थान सोडून १ नोव्हेंबरला दिल्लीतच २६, अलीपूर रोड या खासगी बंगल्यात भाड्याने राहायला गेले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी तिथे केले आणि ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नंतर माईसाहेब त्या घरात भाडेकरू म्हणून राहत होत्या. पुढे घर विकले गेले. नवा मालक आला, कोर्टकज्जा झाला. जानेवारी १९६७ मध्ये माईसाहेब परगावी असताना बेलिफ आले आणि सामान बाहेर काढले गेले. त्या सामानात बाबासाहेबांचे कागद होते. ते उघड्यावर पडले आणि पावसात भिजले.

आता त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक उभे आहे, १३ एप्रिल २०१८ ला त्याचे उद्घाटन झाले. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी टॉवर झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना मालकीच्या घराच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे सरकारची भाडेपावती फाडणाऱ्या चाळीत लोक मालक झाले. तिथेही पात्र-अपात्र ठरवताना पहिला प्रश्न हाच होता की पावतीवर नाव कुणाचे? आजोबाच्या नावाची पावती बापाच्या नावावर करून घ्यायची राहिलेली, आणि नातू खोलीत, अशा घरांना कागद गोळा करत हिंडावे लागले.

आपल्या वस्तीतल्या त्या आईकडची नोटीस आमच्याकडे आहे. घडीवर फाटली आहे, मागच्या बाजूला खोबरेल तेलाचा डाग आहे. यंदा दर रविवारी वंदनेनंतर विहारात असे कागद वाचून दाखवायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी असतील त्यांनी घेऊन यावेत, तसबिरीमागचेसुद्धा.