स्क्रूचे पूर्वछिद्र आणि काउंटरसिंक

स्क्रू बसवण्यापूर्वी लाकडात किंवा धातूत जे भोक पाडून घेतात त्यास पूर्वछिद्र किंवा कारखान्यातील बोलीत ‘पायलट होल’ म्हणतात. आणि स्क्रूचे चपटे डोके पृष्ठभागाच्या वर न राहता त्याच्याशी समतल बसावे म्हणून भोकाच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा जो खोलगटपणा कोरतात त्यास काउंटरसिंक म्हणतात. अशा डोक्याचे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानांतून ‘सीएसके’ या नावाने मिळतात. सुतारकामात आणि यंत्रशाळेत ही दोन्ही कामे किरकोळ समजली जातात, परंतु जोडाची ताकद स्क्रूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्यासाठी केलेल्या भोकावर अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात या कौशल्याची दोन्ही टोके जवळजवळ पाहावयास मिळतात : १८६१ पासून लष्करी छावणी असलेल्या देवळाली कॅम्पमधील जुन्या बंगल्यांची सागवानी दारे-खिडक्या हे एक टोक, तर ओझर येथील विमान कारखाना हे दुसरे.

तत्त्व : लाकडी स्क्रूचे तीन भाग असतात : शंकूसारखे डोके, त्याखालील गुळगुळीत दांडा आणि आटे असलेला निमुळता भाग. आट्यांच्या मधल्या भरीव गाभ्याची जाडी आट्यांच्या बाहेरील व्यासापेक्षा कमी असते. पूर्वछिद्र न पाडता स्क्रू पिळला, तर हा गाभा पाचरीसारखा आत घुसतो आणि लाकडाचे तंतू बाजूला रेटतो; फळीच्या टोकाजवळ हा रेटा सहन करण्याइतके लाकूड पुढे नसल्यामुळे रेषेच्या दिशेने चीर जाते. गाभ्याएवढे लाकूड आधीच काढून टाकले, की भोकाच्या भिंतीत केवळ आटे रुततात आणि चीर न पडता पूर्ण पकड मिळते. म्हणून सागवान, शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडात पूर्वछिद्र जवळजवळ गाभ्याच्या व्यासाचे, तर देवदारासारख्या मऊ लाकडात त्याहून बारीक ठेवतात.

दोन फळ्या जोडताना प्रत्यक्षात तीन आकार करावे लागतात. वरच्या फळीत दांडा मोकळा फिरेल असे मोठे भोक, खालच्या फळीत पूर्वछिद्र आणि वरच्या फळीच्या तोंडाशी काउंटरसिंक. आठ नंबरच्या स्क्रूचा दांडा सुमारे ४.२ मिमी. जाडीचा असतो, त्यासाठी वरचे भोक ४.५ मिमी., पूर्वछिद्र कठीण लाकडात सुमारे ३ मिमी. आणि मऊ लाकडात २.५ मिमी. घेतात. वरचे भोक मोठे केले नाही, तर आटे दोन्ही फळ्यांत एकाच वेळी रुततात, दोहोंमधील फट तशीच राहते आणि स्क्रू कितीही आवळला तरी ती मिटत नाही. दोन्ही भोके एका रेषेत यावीत म्हणून फळ्या शिकंज्यात एकत्र आवळून आधी बारीक भोक आरपार पाडतात व नंतर फक्त वरच्या फळीतील भोक मोठे करतात.

लाकूडकामातील रीत : बिजागरीच्या पात्याला कारखान्यातच काउंटरसिंक केलेली भोके असतात, त्यामुळे चौकटीच्या लाकडात केवळ पूर्वछिद्र लागते; मात्र ते पात्यातील भोकाच्या बरोबर मध्यावर यावे लागते. ते थोडे जरी सरकले, तरी स्क्रूचे शंकूसारखे डोके पात्यातील उतारावर एका बाजूनेच टेकते आणि आवळताना संपूर्ण बिजागरीला त्या बाजूस ओढते. दार अडकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. जाणता सुतार म्हणूनच पाते पटाशीने कोरलेल्या खाचेत बसवून, मध्यबिंदूवर टोच्याने खूण करून, मगच ड्रिल लावतो. पितळी स्क्रू मऊ असल्यामुळे सागवानात पिळताना डोक्याखाली तुटण्याचा संभव असतो. त्यासाठी आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून आटे पाडून घेतात, तो काढतात आणि मग मेण किंवा साबण लावलेला पितळी स्क्रू हाताने आवळतात.

देवळाली परिसरात पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा यांमुळे लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. दाराचे वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढते, तर खालच्या बिजागरीला आत दाबते; म्हणून जुन्या दारांत आधी ढिले होतात ते वरचे स्क्रू. अशा वेळी अधिक जाड स्क्रू ठोकणे हा उपाय नव्हे. भुसा झालेले लाकूड ड्रिलने स्वच्छ काढून, त्या भोकात त्याच जातीच्या लाकडाची खुंटी सरस लावून घट्ट बसवतात, ती वाळल्यावर तासून समतल करतात आणि तिच्यात नवे पूर्वछिद्र पाडतात. खुंटीच्या रेषा चौकटीच्या रेषांना समांतर राहतील असे पाहिले, तर आटे रेषांना छेदून बसतात आणि पकड मूळच्याएवढी परत येते. प्लायवूडच्या कडेत आणि एमडीएफमध्ये पूर्वछिद्राची गरज अधिकच असते, कारण तेथे स्क्रू थरांमध्ये पाचर मारतो व कड फुगते.

इतिहास : गावगाड्यातील सुतार दोरीने फिरवायचा सामता आणि हाताने पिळायचे गिरमिट यांनी भोके पाडीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील लाकडी स्क्रूचे टोक बोथट असल्यामुळे पूर्ण खोलीचे पूर्वछिद्र अनिवार्यच होते. १८४०च्या दशकात अमेरिकेत गिरमिटासारख्या टोकदार स्क्रूची एकस्वे घेतली गेली आणि १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी त्यांचे ब्रिटनमधील हक्क मिळवून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढे हावड्याच्या गेस्ट कीन विल्यम्स कंपनीने ‘नेटलफोल्ड’ हेच नाव भारतीय हार्डवेअरच्या दुकानांत रूढ केले. टोकदार स्क्रू स्वतःच मार्ग काढतो हे खरे, पण तो आपल्या गाभ्याएवढी जागा रिकामी करीत नाही. त्यामुळे कठीण लाकडात पूर्वछिद्राची आवश्यकता टोक आले म्हणून संपली नाही. बॅटरीवरच्या ड्रिलने जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रू सरळ सागवानात मारण्याच्या आजच्या घाईलाही हेच लागू पडते, कारण ते स्क्रू कडक पण ठिसूळ असतात आणि अडले की डोके तुटते.

यंत्रशाळेतील काउंटरसिंक : धातूत टॅपने आटे पाडायचे असतील, तर पूर्वछिद्राचे माप काटेकोर असते. एम ६ टॅपसाठी ५ मिमी., एम ८ साठी ६.८ मिमी. आणि एम १० साठी ८.५ मिमी. ड्रिल वापरतात, भोक लहान राहिले तर टॅप तुटतो, मोठे झाले तर आटे उथळ येतात. मेट्रिक सीएसके स्क्रूच्या डोक्याचा कोन ९० अंश, तर अमेरिकी इंची स्क्रूचा ८२ अंश असतो. ९० अंशांच्या काउंटरसिंकमध्ये खोली १ मिमी. वाढली, की तोंडाचा व्यास २ मिमी.ने वाढतो. एम ६ स्क्रूसाठी ६.६ मिमी.च्या भोकाला १२.६ मिमी.चे तोंड द्यायचे झाल्यास खोली ३ मिमी. येते, आणि खोलीतील दशांश मिलिमीटरची चूकही तोंडावर दुप्पट होऊन दिसते.

काउंटरसिंक टूल नसल्यास मोठ्या ड्रिलने तोंड मोकळे करण्याची सवय अनेक कारागिरांना असते. साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असल्यामुळे अशा पसरट उतारावर ९० अंशांचे डोके सर्वत्र टेकत नाही. ते केवळ भोकाच्या आतल्या कडेवर एका कड्यात टेकते, सगळा भार तेवढ्याच जागी येतो आणि कंपनांत स्क्रू सैल होतो. टूल फार वेगाने फिरवले, तर थरथर होऊन उतारावर लाटा उठतात. म्हणून काउंटरसिंक ड्रिलपेक्षा पुष्कळ कमी वेगाने आणि एकसारखा दाब देऊन करतात. शंकूसारखे डोके स्वतःला मध्यावर ओढत असल्यामुळे भोकांच्या जागांतील चूक ते खपवून घेत नाही. जेथे अशी सूट हवी असते तेथे दंडगोल खाच, म्हणजे काउंटरबोअर, करून अ‍ॅलन बोल्ट वापरतात.

विमानबांधणीतील उपयोग : ओझर येथे १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तेथेच सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली. विमानाच्या बाह्य पत्र्यावरील रिव्हेटची डोकी वर राहिली, तर हवेचा रोध वाढतो. म्हणून ती काउंटरसिंक करून समतल बसवतात. येथे पत्र्याची जाडी ही मर्यादा ठरते. शंकू पत्र्याच्या संपूर्ण जाडीतून आरपार गेला, तर भोकाची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ होते आणि उड्डाणागणिक बदलणाऱ्या ताणामुळे तेथूनच तडा सुरू होतो. त्यामुळे खोली साधारणपणे पत्र्याच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापलीकडे जाऊ देत नाहीत, टूलला खोली रोखणारा थांबा लावतात आणि फार पातळ पत्रा न कोरता साच्यात दाबून त्याला खळगा देतात.

दोष व दुरुस्ती : लाकडात चुकलेले भोक खुंटीने भरता येते आणि खोल गेलेला काउंटरसिंक लाकडी गुडदी बसवून झाकता येतो, धातूत मात्र काढलेला पदार्थ सहजी परत येत नाही आणि तो भाग बहुधा बाद करावा लागतो. म्हणूनच दोन्ही व्यवसायांत एकच शिस्त पाळली जाते : त्याच लाकडाच्या किंवा त्याच पत्र्याच्या टाकाऊ तुकड्यावर आधी भोक पाडून, स्क्रू बसवून, डोक्यावरून बोट फिरवून पाहावे आणि ते समतल लागल्यावर तीच मापे मूळ कामावर घ्यावीत.