आधी धडा, मग पाणी

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू या बेटाच्या आग्नेय टोकाला हनाउमा नावाची एक लहानशी खाडी आहे. आकाराने ती घोड्याच्या नालासारखी दिसते. फार पूर्वी इथे वर येणाऱ्या शिलारसाची पाण्याशी गाठ पडली. पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट झाले आणि उडालेली राख साचून, घट्ट होऊन तिचे गोल कडे तयार झाले. पुढे लाटांनी या कड्याची समुद्राकडची बाजू फोडली व ज्वालामुखीच्या मुखातच समुद्र शिरला. त्या तोंडाच्या आत प्रवाळांनी आपला बांध घातला. बाहेर कितीही लाटा असोत, बांधाच्या आत पाणी उथळ आणि निवांत असते.

असे पाणी केवळ काठावरून पाहण्यात खरी मजा नाही, पण ते आतून पाहणे माणसाला सोपे नव्हते. आपल्या डोळ्यात प्रकाशकिरण वळवण्याचे बरेचसे काम पुढचा पारदर्शक पडदाच करतो, कारण हवा आणि तो पडदा यांच्या अपवर्तनांकात मोठा फरक आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ व या पडद्याचा सुमारे १.३८. फरक जवळजवळ मिटतो आणि सारे धूसर दिसते. डोळ्यापुढे हवेचा थर व त्यापुढे काच ठेवली, की दृष्टी परत येते. (काचेच्या पेल्याचा तळ बादलीतल्या पाण्यात थोडा बुडवून आतून पाहिल्यास वर्गातही याची कल्पना देता येईल.) काचेचा मुखवटा, श्वासाची नळी आणि पायातील रबरी पंख ही सामग्री विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वसामान्यांच्या हाती आली. नळी लावून पालथे तरंगत तळ पाहण्याचा हा प्रकार म्हणजेच स्नॉर्केलिंग. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोक हेच करतात.

हनाउमाच्या आसपासची जमीन १९२८ साली बिशप इस्टेट या न्यासाने होनोलुलू शहराला अवघ्या १ डॉलरला दिली. अट एकच, तिचा उपयोग सार्वजनिक उद्यान म्हणून व्हावा. ही अट लक्षात ठेवू. पुढे तिचाच पेच पडला.

बरीच वर्षे ही खाडी शांत होती. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीशी जोडणारी दूरध्वनीची तार इथून नेण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावून वाट काढली गेली. १९६१ साली एल्विस प्रेस्लीच्या ‘ब्लू हवाई’ या चित्रपटात ही खाडी झळकली. त्याच सुमारास जेट विमानांनी हवाई बेटे जवळ आणली, आणि एकांत पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली.

१९६७ साली शासनाने इथे मासेमारी बंद करून हे क्षेत्र सागरी जीवांसाठी राखून ठेवले. मासे वाढले, निर्भय झाले. पण संरक्षित म्हणून नाव झाल्यामुळेच माणसेही वाढली! १९८०च्या दशकाअखेर वर्षाला ३० लाखांच्या घरात माणसे येत असल्याचे सांगतात. किनारा जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा. लोक माशांना पाव आणि वाटाणे चारीत. चारलेले खाण्यास धीट असलेल्या जातींची सरशी झाली. उथळ पाण्यात दमलेला पोहणारा पाय टेकतो, तो बहुधा प्रवाळावर. प्रवाळ हा दगड नव्हे, सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटीमीटर वाढणारी. एका पावलाने मोडलेले भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

१९९० पासून शहराने गर्दीला आवर घालायला सुरुवात केली. सहलींच्या बसगाड्यांवर निर्बंध आले, मग बाहेरच्यांसाठी शुल्क आले. सार्वजनिक उद्यानात पैसे का, असा दावाही दाखल झाला. २००२ साली न्यायालयाने ३ डॉलरचे शुल्क वैध ठरवले. सर्वांसाठी म्हणून दिलेल्या जागेत दाराशी पैसे घेणे आम्हांला खटकते. पण सर्वांना मोकळे सोडले असते तर सर्वांनी पाहावे असे काय उरले असते, याचेही उत्तर द्यावे लागते.

शिक्षकांना रस वाटावा अशी गोष्ट त्याच वर्षी घडली. खाडीच्या वरच्या अंगाला एक शिक्षणकेंद्र उघडले. पाण्याकडे उतरण्यापूर्वी प्रत्येकाने सुमारे नऊ मिनिटांची चित्रफीत पाहायची: प्रवाळ जिवंत असतो, त्यावर उभे राहू नये, माशांना खायला घालू नये. सक्तीच्या शिक्षणाचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल. परीक्षा मात्र लगेच, खाली पाण्यात, आणि तीही बहुतांशी परीक्षकावाचून.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे खाडी बंद झाली. जवळजवळ नऊ महिने तिथे माणूस नव्हता. संशोधकांनी मोजमाप केले तेव्हा पाणी अधिक नितळ झालेले आढळले. तळाची वाळू ढवळणारे पायच नव्हते. डिसेंबरात खाडी पुन्हा उघडली ती दिवसाला किती माणसे घ्यायची याची मर्यादा घालून, आणि आठवड्यातले सोमवार व मंगळवार माशांसाठी सोडून.